पिवळं पाकीट, पांढरा कागद: कर्जातून बाहेर काढणारे टीव्ही कार्यक्रम नेमकं काय करतात?

पुण्यात जर्मन शिकत असताना आमच्या बाई सांगायच्या, नुसत्या बातम्या ऐकू नका, घरात माणसं कशी बोलतात ते ऐका. म्हणून मी एक कार्यक्रम बघायला लागले आणि भाषा बाजूलाच राहिली. स्वयंपाकघरातलं टेबल. नवरा-बायको खाली मान घालून बसलेले. समोर सूट घातलेला, चष्मा लावलेला एक वयस्कर माणूस. तो विचारतो, कागदपत्रं कुठे आहेत? मग घरातलं कोणीतरी उठतं आणि कपाटातून एक पिशवी आणतं. कधी पिशवी, कधी बुटांचं खोकं. आत पाकिटंच पाकिटं, आणि त्यातली कित्येक फोडलेलीच नाहीत.

कार्यक्रमाचं नाव 'राउस आउस डेन शुल्डेन', म्हणजे कर्जातून बाहेर. आरटीएल या जर्मन वाहिनीवर तो २००७ मध्ये सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षं चालला. सूटमधला माणूस म्हणजे पेटर त्स्वेगाट. हा काही नट नव्हता. बर्लिनमध्ये कर्जबाजारी माणसांना सल्ला देणं हाच त्याचा मूळ व्यवसाय. जर्मनीत हे रीतसर काम आहे, त्याला 'शुल्डनर-बेराटर' म्हणतात, म्हणजे कर्जदाराच्या बाजूने बसणारा सल्लागार. काही धर्मादाय संस्था आणि नगरपालिका ही सेवा फुकट देतात. टीव्हीने हा माणूस उचलला आणि त्याच्याबरोबर त्याचा एक मोठा पांढरा कागदी तक्ताही उचलला. तीन पायांच्या स्टँडवर लावलेला, पानं उलटता येणारा तो तक्ता हीच कार्यक्रमाची ओळख झाली.

जर्मन भाषेत 'शुल्ड' म्हणजे दोष, अपराध, आणि 'शुल्डेन' म्हणजे कर्ज. एकच मूळ. त्या भाषेत वाढलेल्या माणसाला 'माझ्यावर कर्ज आहे' म्हणताना 'माझा गुन्हा आहे' हेही आत कुठेतरी ऐकू येत असणार. आपल्याकडे ऋण हा शब्द किती वेगळा आहे बघा. पितृऋण, ऋणानुबंध, 'मी आपला ऋणी आहे'. त्यात मान आहे, माया आहे. पण तोच माणूस 'कर्जबाजारी' झाला की आपलीही जीभ बदलते. दारात वसुलीवाला आला की शेजारी खिडकीचा पडदा सारतात. लाज दोन्हीकडे सारखीच, आणि त्या फोडलेल्या नसलेल्या पाकिटांचं मूळ या लाजेतच आहे.

आमच्या घरातही अशी पिशवी होती. बाबांचं दुकान बंद पडल्यावरची दोन वर्षं. एका बँकेची पत्रं यायची आणि बाबा ती देवघराच्या खालच्या कप्प्यात, वातींच्या पुड्यामागे ठेवायचे. आईला वाटायचं बाबा बघतायत, बाबांना वाटायचं पुढच्या महिन्यात बघू. ती पिशवी शेवटी मामाने उपडी केली. पत्रांपेक्षा पत्रांची भीती कितीतरी मोठी होती, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच त्या जर्मन स्वयंपाकघरातून मला नजर हलवता येत नव्हती.

आता तो तक्ता काय करतो ते बघू. त्स्वेगाट जाड पेनाने वर लिहितो: महिन्याला येणारे पैसे. पगार, मुलांसाठी सरकारकडून मिळणारा भत्ता, जे काही असेल ते. खाली लिहितो: महिन्याला जाणारे पैसे. भाडं, वीज, विमा, गाडी, फोन, खाणं. दोन्हींची वजाबाकी करतो. उत्तर बहुतेक वेळा उणे येतं, आणि घरातली माणसं ते बघून गप्प होतात. मग नवं पान आणि त्यावर कर्जांची यादी: कोणाचं, मूळ रक्कम किती, आज किती. त्याखाली एक रेघ आणि बेरीज.

गंमत म्हणजे, गंमत कसली, दुःखाची गोष्ट म्हणजे ही बेरीज घरात कोणालाच माहीत नसते. नवरा म्हणतो वीस हजार, बायको म्हणते पंधरा, कागदावर निघतात चाळीस हजार युरो. हे खोटं बोलणं नाही. कर्ज एकदम येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं. सोफ्याचा हप्ता, जुन्या मोबाइलचं थकलेलं बिल, खात्यावरची उचल, बहिणीकडून घेतलेले पैसे. प्रत्येक तुकडा एकटा असला की सोसवतो. शिवाय थकलेल्या रकमेवर व्याज, स्मरणपत्राचा खर्च आणि वसुली कंपनीची फी चढत राहते, त्यामुळे माणसाच्या मनातला आकडा नेहमी जुना असतो.

हा चढता आकडा कसा चालतो ते आपल्याच रुपयांत करून बघू, कारण इथे बरेचजण अडकतात. समजा क्रेडिट कार्डावर १,००,००० रुपये थकलेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० रुपये. झाले ४,१३०. आता बिलावर लिहिलेली किमान रक्कम पाच टक्के धरू, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही इमानदारीत पाच हजार भरलेत. त्यातले मुद्दलाला लागले ८७०. बाकीचे ४,१३० त्या महिन्याच्या व्याजातच गेले. असं बारा महिने, एकही नवी खरेदी न करता, फक्त पाच टक्के भरत राहिलात तर वर्षात खिशातून साधारण ५७,००० रुपये जातात आणि कर्ज कमी होतं जेमतेम दहा हजारांनी. नव्वद हजार तसेच उभे. माणूस म्हणतो, मी तर दर महिन्याला भरतोय, मग संपत का नाही? तो आळशी नाही आणि उधळ्याही नाही. गणितच असं रचलेलं आहे की किमान रक्कम भरणारा पाण्यात हात मारत राहतो, किनारा मात्र जवळ येत नाही.

म्हणून तक्त्यावरचं पुढचं काम असतं क्रम लावणं. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमात सगळ्यात मोलाचं काय असेल तर हेच, आणि टीव्ही त्यावरून भरभर पुढे सरकतो. घाबरलेला माणूस जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देतो. वसुली कंपनीचा फोन दिवसातून पाच वेळा येतो, म्हणून आधी तिला. घरमालक सभ्य आहे, थांबेल म्हणतो, म्हणून त्याला नंतर. कर्जसल्लागार याच्या अगदी उलट सांगतो. आधी भाडं, आधी वीज. जर्मनीत दोन महिन्यांचं भाडं थकलं की घरमालक मुदत न देता करार मोडू शकतो. उलट कार्डवाली बँक फार तर पत्र पाठवेल आणि कोर्टात जाईल, तिला तुम्हाला रस्त्यावर आणता येत नाही. न भरल्याने काय जाणार आहे, ते बघून क्रम लावायचा. छप्पर, वीज, नोकरीवर जाण्याचं साधन, आणि मग बाकीचे. बाकीच्यांमध्ये जास्त व्याजाचं आधी फेडलं तर पैसे वाचतात. सगळ्यात छोटं आधी संपवलं तर मनाला उभारी येते. यावर जगभर वाद चालतो. ज्याच्या घरात सहा महिन्यांपासून कोणी नीट झोपलेलं नाही, त्याने छोटं आधी संपवावं असं मला वाटतं. यादीतली एक ओळ पूर्ण खोडण्यात जी ताकद आहे, ती व्याजाच्या बचतीत लगेच जाणवत नाही.

आता त्या पाकिटांकडे येऊ. जर्मनीत कोर्टाची कागदपत्रं पिवळ्या पाकिटातून येतात. पोस्टमन ते पाकीट पेटीत टाकताना त्यावर तारीख लिहितो, हाताने. सगळं त्या तारखेवर अवलंबून असतं. आत बहुधा 'मान-बेशाइड' असतो, म्हणजे अमुक कंपनीला अमुक रक्कम द्या अशी कोर्टाची नोटीस. लोकांना माहीत नसतं की या टप्प्यावर कोर्टाने दावा खरा की खोटा हे तपासलेलंच नसतं. कंपनीने अर्ज केला, कोर्टाने नोटीस काढली, एवढंच. रक्कम चुकीची असेल, कर्ज आधीच फेडलेलं असेल, किंवा ते तुमचं नसेलच, तर हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात. सोबत आलेल्या फॉर्मवर एक खूण करायची आणि सही करून पाठवायचं. पाकीट बुटांच्या खोक्यात पडून राहिलं, तर दोन आठवड्यांनंतर कंपनी पुढचा आदेश मागू शकते. त्यावर आणखी दोन आठवडे मिळतात. तेही गेले की त्या रकमेवर वसुलीचा पक्का हक्क लागतो, आणि तो तीस वर्षं टिकतो. पंचविशीत न फोडलेलं पाकीट पन्नाशीतही मागे येऊ शकतं.

मग येतो बेलिफ, म्हणजे कोर्टातर्फे वसुली करणारा माणूस. विकण्याजोगी वस्तू सापडली तर तिच्यावर कोर्टाचं सील चिकटवतो. या सीलला जर्मन लोक 'कोकिळा' म्हणतात. पूर्वी त्यावर राज्याचा गरुड छापलेला असायचा, लोकांनी चिडून त्याला कोकिळा म्हणायला सुरुवात केली आणि नाव तसंच राहिलं. प्रत्यक्षात आजकाल घरातल्या जुन्या टीव्हीत कोणाला रस नसतो. खरी वसुली होते पगारातून आणि बँक खात्यातून.

इथे कायद्याने माणसाच्या हातात एक ढाल दिली आहे, आणि ती माहीत असणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं. २०१० पासून जर्मनीत कोणीही आपलं बँक खातं 'संरक्षित खातं' करून मागू शकतो आणि बँकेला ते करून द्यावंच लागतं. अशा खात्यावर जप्ती आली तरी दर महिन्याला एका ठरावीक रकमेला, सध्या दीड हजार युरोंच्या आसपास, कोणी हात लावू शकत नाही. मुलंबाळं असतील तर रक्कम वाढते. पगाराचंही तसंच. एकट्या माणसाला महिन्याला हातात दोन हजार युरो मिळत असतील, तर पहिले दीड हजार त्याचे. वरच्या पाचशेतले तीन दशांश, म्हणजे दीडशेही त्याचेच. उरलेले साडेतीनशे देणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, जातात. हिशेब ढोबळ आहे, पण तत्त्व असंच आहे: कर्जदारानेही जगायचं आहे, आणि कामावर जाण्यात त्याला काही तरी अर्थ वाटला पाहिजे.

त्स्वेगाट फोन उचलतो तेव्हा ही ढाल त्याच्या पाठीशी असते. तो बँकेला आणि वसुली कंपनीला सांगतो, या बाईंकडे एवढंच आहे, पंचवीस टक्के एकरकमी घ्या आणि खातं बंद करा. टीव्हीवर हे जादूसारखं दिसतं. देणेकरी पंचाहत्तर टक्के का सोडेल? कारण त्यालाही तोच कायदा माहीत असतो. पगारातून काही कापता येत नसेल तर त्याचा तीस वर्षांचा हक्क कागदावरच राहणार. वसुली कंपनीने ते जुनं कर्ज बँकेकडून कवडीमोलाने विकत घेतलेलं असू शकतं, मग तिला पंचवीस टक्क्यांतही फायदा आहे. त्यामुळे ही तडजोड दयेवर चालत नाही. दोन्ही बाजू हिशेब करतात, आणि कर्जदाराच्या बाजूने पहिल्यांदाच कोणीतरी हिशेब करणारा बसलेला असतो.

मात्र एक गोष्ट मनात ठेवावी लागते. दारात कॅमेरा उभा असताना कंपनी जितकी समजूतदार होते, तितकी सोमवारी सकाळी एकट्याने लावलेल्या फोनवर होईलच असं नाही. आणि त्या फुकट सल्ला केंद्रांत नंबर लागायला अनेक ठिकाणी महिनोन् महिने थांबावं लागतं. टीव्हीवरच्या कुटुंबाच्या वाट्याला हे थांबणं येत नाही.

तडजोड झाली नाही, तर मग नादारी, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत नाही असं कोर्टात जाहीर करणं. आपल्या कोर्टाच्या मराठीतला हा जुना, नेमका शब्द आहे. जर्मनीत सामान्य माणसासाठी नादारीचा कायदा १९९९ मध्ये आला. आधी कोर्टाबाहेर तडजोडीचा खरा प्रयत्न करायचा आणि तो फसल्याचा दाखला वकिलाकडून किंवा मान्यताप्राप्त सल्ला केंद्राकडून घ्यायचा. मग कोर्टात अर्ज. कोर्ट एक विश्वस्त नेमतं. पगारातला कापण्याजोगा भाग त्याच्याकडे जातो आणि तो सगळ्या देणेकऱ्यांत वाटतो. या काळात तुम्ही काम केलं पाहिजे किंवा शोधलं पाहिजे, पत्ता बदलला तर कळवलं पाहिजे, वारसाहक्काने काही मिळालं तर त्यातलं अर्धं द्यायचं. त्या बदल्यात एकट्यादुकट्या देणेकऱ्याला जप्ती आणता येत नाही. पूर्वी हा काळ सहा वर्षांचा असायचा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांसाठी तो तीन वर्षांचा झाला. तीन वर्षं नीट काढली की उरलेलं कर्ज माफ.

मघाच्याच माणसाचं बघू. चाळीस हजार कर्ज, महिन्याला साडेतीनशे कापले. छत्तीस महिन्यांत १२,६०० युरो. त्यातून कोर्टाचा आणि विश्वस्ताचा खर्च वजा होतो, उरलेलं देणेकऱ्यांना. राहिलेले सत्तावीस हजारांहून जास्त पुसले जातात. ज्याच्या पगारातून काहीच कापता येत नाही, त्यालाही माफी मिळते. काही देणी मात्र पुसली जात नाहीत: दंड, मुद्दाम बुडवलेली मुलांची पोटगी, कोणाचं जाणूनबुजून केलेलं नुकसान. हे मला न्यायाचं वाटतं. मुलांच्या वाट्याचे पैसे कोणत्याही कायद्याने पुसले जाऊ नयेत.

इतकं सगळं जो बघतो, त्याच्या मनात एक प्रश्न येतोच: ही माणसं इथपर्यंत आली कशी? आणि इथे माझं या सगळ्या कार्यक्रमांशी भांडण आहे. टीव्हीला उत्तर चेहऱ्यात हवं असतं. नवऱ्याचा तिसरा प्लेस्टेशन, बायकोचे चाळीस जोड बूट, बाहेरून मागवलेलं जेवण. जर्मनीचं सांख्यिकी खातं सल्ला केंद्रांत आलेल्या लोकांची कारणं दरवर्षी नोंदवतं. तिथे वर असतात बेकारी, आजारपण, अपघात, व्यसन. घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू हेही मोठं कारण. पैसे नीट सांभाळता न येणं हेही एक कारण आहे, पण ते बेकारी आणि आजारपणाच्या मागे येतं. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा जर्मनीत कर्जात बुडालेली प्रौढ माणसं सत्तर लाखांच्या वर होती. २०२४ पर्यंत हा आकडा पंचावन्न लाखांच्या आसपास आला, म्हणजे तरीही दर बारा प्रौढांमागे एक. बारातला एक माणूस उधळपट्टीने बुडाला असं कोणी म्हणालं, तर मी ते मानणार नाही. त्स्वेगाटचं मोठेपण हे की तक्त्यासमोर उभा असताना तो शुल्डेनमधून शुल्ड बाजूला काढायचा. समोरच्याला आकड्यांकडे बघायला लावायचा आणि माणूस क्षणभर गुन्हेगार राहायचा नाही. पण कॅमेरा फिरून बुटांच्या रांगेवर गेला की तोच दोष पुन्हा गळ्यात.

कॅनडात २००५ ते २०११ या काळात एक वेगळ्या धाटणीचा कार्यक्रम चालला, गेल वाझ-ऑक्सलेड यांचा. जमैकात जन्मलेल्या, तडफदार बोलणाऱ्या बाई. त्यांचं हत्यार म्हणजे काचेच्या बरण्या. जोडप्याची सगळी कार्डं काढून घ्यायची आणि आठवड्याचे पैसे रोख, वेगवेगळ्या बरण्यांत: खाणं, प्रवास, करमणूक, कपडे. बरणी रिकामी झाली की आठवडा संपेपर्यंत त्या गोष्टीवर खर्च नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यांनी हेच डाळीच्या डब्यात आणि पोळपाटाखाली केलं आहे, दूधवाल्याचे वेगळे, वाण्याचे वेगळे. हे चालतं, कारण कार्ड घासताना काहीच संपताना दिसत नाही आणि बरणीचा तळ डोळ्यांना दिसतो. त्यांनी महिन्याच्या पगाराची एक वाटणीही लोकप्रिय केली: घरावर ३५ टक्के, प्रवासावर १५, रोजच्या जगण्यावर २५, कर्जफेडीवर १५ आणि बचतीला १०. मुंबईत भाड्याने राहणाऱ्याने हे वाचून निराश होऊ नये, टोरांटोतही अनेकांना ते ३५ टक्के जमत नाहीत. जोडप्याने दिलेली कामं नीट केली तर शेवटी पाच हजार डॉलरपर्यंतचा चेक मिळायचा. बरण्यांचं मी मनापासून कौतुक करते. पण बरणी त्याच घरात चालते जिथे बरणीत टाकायला पैसे आहेत. जाणाऱ्यापेक्षा येणारं कमी असेल, तर बरण्यांनी फक्त उणे आकड्याचे पाच तुकडे होतात.

ब्रिटनमध्ये तर कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेला. चॅनल फाइव्हवरचा एक गाजलेला कार्यक्रम वसुली अधिकाऱ्यांबरोबर थेट लोकांच्या घरात शिरायचा. लंडनमधल्या एका जोडप्याला घरातून बाहेर काढतानाचं चित्रण लाखो लोकांनी पाहिलं. ते जोडपं कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने खासगीपणाचा भंग झाला असं सांगून दोघांना प्रत्येकी दहा हजार पौंड द्यायला लावले. त्याच वर्षी अमेरिकेत 'पेड ऑफ' नावाची प्रश्नमंजुषा सुरू झाली. स्पर्धक सगळे शिक्षणकर्ज डोक्यावर असलेले तरुण, जिंकणाऱ्याचं कर्ज कार्यक्रम भरणार. सूत्रधार मायकल टॉर्पी प्रेक्षकांना उघड सांगायचा, तुमच्या लोकप्रतिनिधीला फोन करा. हा खेळ असायलाच नको, असं त्या खेळानेच म्हणणं मला प्रामाणिक वाटलं.

नॉर्वे आणि स्वीडनमध्येही २००६ पासून अशाच धर्तीचे कार्यक्रम चालत आले आहेत. पण तिथे कायदाही हलला. स्वीडनने २०१८ मध्ये महागड्या झटपट कर्जांवर मर्यादा घातली, घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च कर्जदारावर लादता येणार नाही अशी. नॉर्वेने २०१९ मध्ये तारणाशिवायच्या कर्जांची नोंदवही सुरू केली, म्हणजे एकाच माणसाला एकाच आठवड्यात पाच ठिकाणी, पाचहीजणांच्या नकळत, कर्ज मिळणं बंद. एका नोंदवहीने जेवढी घरं वाचतात तेवढी वाचवायला कोणत्याही सूत्रधाराला किती भाग करावे लागतील!

आपल्याकडे काय? १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला, आणि कोर्टाला खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ कर्ज किती होतं हे तपासण्याचा अधिकार मिळाला. त्स्वेगाटच्या तक्त्यावरचा 'मूळ रक्कम किती, आज किती' हा प्रश्न आपल्या मातीत तेव्हाच विचारला गेला होता. पण सामान्य नोकरदाराच्या नादारीबाबत आपण अजून मागेच आहोत. २०१६ च्या नादारी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. अगदी गरिबांसाठी, वर्षाचं उत्पन्न साठ हजारांपर्यंत आणि कर्ज पस्तीस हजारांपर्यंत असलेल्यांसाठी, नव्याने सुरुवात करण्याची सोपी वाटही त्यात लिहिली आहे. पण डिसेंबर २०१९ मध्ये तो भाग लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. बाकीच्यांना मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा इंग्रजांच्या काळातला कायदाच उरतो. बँकेशी तडजोड करता येते, पण सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे आधी माहीत असावं. एक छोटी ढाल मात्र आपल्याकडेही आहे: ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकलेल्या कर्जासाठी वसुलीचे फोन करता येणार नाहीत. धमकी नाही, नातेवाइकांसमोर अपमान नाही. असा फोन आला तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

मामाने आमची पिशवी उपडी केली तेव्हा तक्ता वगैरे काही नव्हतं. त्याने कॅलेंडरचं गेल्या वर्षीचं पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. प्रत्येक पाकीट आई फोडायची, तारीख मोठ्याने वाचायची, मामा ती लिहायचा. बाबा सुरुवातीला खिडकीशी उभे होते. नवव्या की दहाव्या पाकिटाला आईला अक्षर लागेना, तेव्हा ते खिडकीपासून आले, चष्मा लावला आणि पुढचा आकडा त्यांनी स्वतः वाचला.